काचेआडचा किस्सा आणि वीस चौकटींचे अंतर

एक रुबाबदार सरदार दरबारातल्या एका मानकऱ्याला आपल्या बोलण्यात फ्रेंच हेल कुठून आला याची हकिकत सांगत आहे. पॅरिसमध्ये असताना त्याला जबरदस्त सर्दी झाली, म्हणून तो डॉक्टरकडे गेला आणि दार उघडले ते डॉक्टरच्या बायकोने. गोष्ट इथवर येते आणि ऐन रंगात असताना कॅमेरा खिडकीबाहेर जाऊन उभा राहतो. काचेपलीकडे सरदाराचे ओठ हलताना दिसतात, हात हवेत काही आकार काढतात, ऐकणाऱ्याचा चेहरा फुलत जातो. आवाज मात्र एकही नाही. पुढे काय झाले हे प्रेक्षकाने ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे ओळखायचे.

हे दृश्य १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द लव्ह परेड’ या बोलपटातले आहे. हॉलिवूडमध्ये तेव्हा बोलण्याची इतकी हौस होती की पात्रांनी तोंड मिटू नये असाच जणू दंडक होता, आणि त्या दिवसांत दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांनी आपल्या पहिल्याच बोलपटात मुद्दाम आवाज बंद केला. चावटपणा झाकण्याची ही खुबी म्हणून तिचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्यच आहे. परंतु मला त्या खिडकीत आणखी एक गोष्ट दिसते. १९२९ मध्ये ध्वनिमुद्रणाचे यंत्र काय करू शकत होते, काय करू शकत नव्हते आणि कशाला घाबरत होते, याची नेमकी जाण असलेल्या माणसाने ती खिडकी बसवलेली आहे. हा चित्रपट नीट समजून घ्यायचा तर त्या यंत्राच्या आत थोडे डोकवावे लागते.

कथा दोन वाक्यांत सांगता येईल. सिल्व्हानिया नावाच्या काल्पनिक राज्याचा पॅरिसमधील वकिलातीतला सरदार आल्फ्रेड त्याच्या प्रेमलीलांमुळे मायदेशी परत बोलावला जातो, तिथल्या अविवाहित राणी लुईझशी त्याचे लग्न होते आणि राणीचा नवरा या पदाला काहीच काम नसते हे त्याला लग्नानंतर उमगते. सरदाराची भूमिका मॉरिस शेव्हालिए यांनी केली, तर राणीच्या भूमिकेत ब्रॉडवेच्या रंगभूमीवरून आलेल्या जेनेट मॅक्डोनाल्ड पहिल्यांदाच पडद्यावर आल्या. सरदाराचा नोकर जाक आणि राणीची दासी यांची दुसरी, धसमुसळी प्रेमकथा लुपिनो लेन आणि लिलियन रॉथ यांच्याकडे होती. छायालेखन व्हिक्टर मिल्नर यांचे, गाण्यांच्या चाली व्हिक्टर शर्ट्झिंगर यांच्या आणि निर्मिती पॅरामाउंटची.

आता यंत्राकडे वळू. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात आवाज साठवण्याच्या दोन पद्धती शेजारीशेजारी नांदत होत्या. पहिलीत आवाज तबकडीवर असे. ही तबकडी १६ इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी आणि आतून बाहेरच्या कडेकडे वाजत जाणारी असे. एका बाजूवर सुमारे ११ मिनिटांचा आवाज मावे, कारण १,००० फुटांचे एक रीळ तेवढाच वेळ चालत असे. सुई खाचेतून उडाली किंवा फीत तुटून जोडताना चार चौकटी (फितीवरची एकेक चित्रे) कमी झाल्या, की नायकाचे बोलणे नायिकेच्या तोंडी जाई. म्हणून तुटलेल्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच लांबीची काळी फीत जोडावी लागे. दुसऱ्या पद्धतीत आवाज चित्राच्या शेजारीच, फितीच्या कडेला, प्रकाशाच्या भाषेत लिहिला जाई. पॅरामाउंटने वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची ही दुसरी पद्धत घेतली होती.

हवेतली कंपने फितीवर कशी उतरतात? मायक्रोफोनच्या पातळ पडद्यावर आवाज आदळला की पडदा हलतो आणि त्याच्या हालचालीबरहुकूम विजेचा दाब कमीजास्त होतो. हा अशक्त संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून तो ‘प्रकाशझडप’ म्हणता येईल अशा एका साधनाकडे पाठवला जाई. या साधनात प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूच्या दोन अतिशय पातळ पट्ट्या ताणून बसवलेल्या असत आणि त्यांच्यामधली फट इंचाच्या एक-दोन हजारांश भागाएवढीच असे. पट्ट्यांतून संकेताची वीज गेली की चुंबकीय बलामुळे त्या जवळ येत किंवा लांब जात. फट बारीक होई किंवा रुंदावे. आणि तिच्यातून झिरपणारा प्रकाश मागून सरकणाऱ्या फितीवर कमीजास्त गडद आडव्या रेघा ओढत जाई. चित्रपटगृहात हाच प्रवास उलटा होई. एका छोट्या दिव्याचा प्रकाश त्या रेघांतून प्रकाशविद्युत घटावर पडे आणि प्रकाशाच्या चढउतारानुसार घटातली वीज कमीजास्त होई. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ज्याचे स्पष्टीकरण दिले आणि ज्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तो प्रकाशविद्युत परिणाम अशा रीतीने पंचवीस वर्षांच्या आत शेव्हालिएंची गाणी वाजवू लागला.

रेघा किती बारीक असत याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने ३५ मिलिमीटर फीत मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४५७ मिलिमीटर सरकते. जेनेट मॅक्डोनाल्ड यांच्यासारखी गायिका वरच्या सुरात सेकंदाला हजारभर कंपनांवर पोचली, की तिच्या आवाजाची एक लाट फितीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत बसवावी लागते. हा झाला मूळ स्वर. त्या आवाजाला त्याचा रंग देणारे वरचे उपस्वर आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे फुत्कार चार-पाच हजार कंपनांच्या पुढे असतात आणि तिथे एका लाटेच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा हिस्साही येत नाही. हे वाचण्यासाठी प्रकाशाची रेघ त्याहून बारीक असावी लागते, आणि फितीचा रासायनिक कण, धूळ, ओरखडा अशी प्रत्येक गोष्ट आवाज म्हणून वाजते. त्यामुळे त्या काळच्या बोलपटात वरचे स्वर बोथट होत आणि शांत प्रसंगांत मागे पाऊस पडत असल्यासारखी खरखर ऐकू येई.

करड्या छटांत लिहिलेल्या आवाजाचा आणखी एक ताप होता. फितीचा काळेपणा प्रकाशाच्या प्रमाणात वाढला नाही, तर आवाज विकृत होतो. मूकपटाच्या जमान्यात धुलाईचे कारागीर तांबड्या दिव्यात फीत डोळ्यांपुढे धरून अंदाजाने ती रसायनातून बाहेर काढत; चेहरा जरा उजळ आला काय, जरा मळकट आला काय, चालून जाई. कानाला हा अंदाज चालेना. मूळ फितीच्या धुलाईतली तफावत आणि प्रतीच्या धुलाईतली तफावत एकमेकींना बरोबर छेद देतील अशा रीतीने तापमान, वेळ आणि रसायनाची तीव्रता मोजूनमापून ठेवावी लागली. कारागिराच्या नजरेची जागा यंत्राने आणि आलेखाने घेतली, ती चित्रासाठी नव्हे, आवाजासाठी.

आता त्या वीस चौकटी. प्रक्षेपकात चित्र सलग सरकत नाही. प्रत्येक चौकट भिंगामागे येते, क्षणभर थांबते, मग झटक्याने पुढची येते; सेकंदाला चोवीस वेळा हे थांबणे आणि धावणे चालू असते. थांबल्याशिवाय चित्र स्पष्ट दिसणार नाही. आवाजाला मात्र थांबणे मुळीच सहन होत नाही. फितीचा वेग सहा टक्क्यांनी बदलला तर सूर अख्ख्या अर्ध्या स्वराने सरकतो आणि एक टक्क्याहून कमी डगमगसुद्धा लांबवलेल्या सुरात कानाला थरथर म्हणून जाणवते. एकाच फितीने एका जागी उड्या माराव्यात आणि दुसऱ्या जागी तेलाच्या धारेसारखे वाहावे, अशी ही परस्परविरोधी मागणी होती. तिच्यावर उपाय असा काढला गेला की दोन्ही जागा एकमेकींपासून लांब ठेवायच्या, मध्ये फितीचा सैल फास सोडायचा आणि आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापायचा. पडद्यावर जी चौकट दिसते, तिच्या शेजारी तिचा आवाज नसतोच. तो सुमारे ०.८ सेकंद पुढच्या चौकटीच्या कडेला असतो.

या एका यांत्रिक तडजोडीने संकलकाचे हात बांधले. चित्र आणि आवाज एकाच फितीवर घेतले, तर चित्राला जिथे कात्री लावावी तिथे आवाज भलत्याच शब्दावर तुटतो. म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी चित्रासाठी एक आणि आवाजासाठी एक अशा दोन फिती वेगळ्या यंत्रांवर, पण एकाच तालात फिरणाऱ्या मोटरींवर चालवल्या आणि प्रत काढतानाच त्या एकत्र आणल्या. आवाजाची पट्टी फितीवर चित्राच्याच जागेत घुसली असल्यामुळे चित्राची चौकट मात्र अरुंद झाली. रुंदी उंचीच्या जेमतेम १.१९ पट, म्हणजे जवळपास चौरस. ऐसपैस राजवाडे आणि जिने दाखवण्यासाठी हा आकार सोयीचा खासच नव्हता, आणि हान्स ड्रायर यांच्या कलादिग्दर्शनाखाली उभे राहिलेले सिल्व्हानियाचे दरबार या चित्रपटात उंचीकडे का झेपावतात याचे एक कारण, माझ्या मते, या चौकटीत आहे. १९३२ मध्ये १.३७ हे प्रमाण ठरले तेव्हा कुठे रुंदी परत मिळाली.

यंत्राबाहेरही अडचणी कमी नव्हत्या. जानेवारी १९२९ मध्ये पॅरामाउंटचे हॉलिवूडमधील नवे ध्वनिरोधक मंच काम पूर्ण होण्याआधीच आगीत गेले. मग मूकपटांसाठी बांधलेल्या जुन्या मंचांना आतून गोधड्याघोंगड्या लावून, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, रात्री चित्रण करण्याची पाळी स्टुडिओवर आली. घोंगड्या नेमके काय करतात हे हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी आधीच मोजून ठेवले होते. विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात आवाज इतका घुमे की उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद विरत नसे आणि पुढचे डझनभर शब्द त्याच्यावर येऊन पडत. सॅबिन १८९५ पासून रात्रीबेरात्री शेजारच्या नाट्यगृहातून गाद्या वाहून आणत, त्या खोलीत पसरत आणि दर वेळी घुमारा किती कमी झाला हे मोजत. त्यातून निघालेला नियम साधा आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका घुमारा लांबतो आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो आखूड होतो. रात्रीचे काम आणि गाद्यागोधड्या हे ध्वनिशास्त्राचे जणू खानदानी लक्षणच म्हणायचे.

प्रत्यक्षात माणसाला अशा घुमाऱ्याचा एवढा त्रास होत नाही, कारण त्याला दोन कान असतात आणि कोणत्या दिशेच्या आवाजाकडे लक्ष द्यायचे हे त्याचा मेंदू ठरवतो. लग्नघरातल्या कलकलाटात कोपऱ्यात कुणी आपले नाव घेतले तरी ते आपल्याला ऐकू येते. एकुलत्या मायक्रोफोनला ही निवड जमत नाही. त्याच्यापर्यंत थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ऊर्जेने चौथाईवर येतो, तर भिंतींवरून परतलेला घुमारा खोलीभर जवळपास सारखाच असतो. त्यामुळे नट चार पावले मागे सरकला की तो विहिरीतून बोलू लागतो. म्हणून मायक्रोफोन जवळ हवा, जवळ हवा तर तो चौकटीत दिसता कामा नये, आणि दिसू नये म्हणून फुलदाणीत लपवला तर प्रेमिकांनी फुलदाणीशीच बोलले पाहिजे. त्याच वर्षी याच स्टुडिओत दिग्दर्शिका डोरोथी आर्झ्नर यांनी मायक्रोफोन मासेमारीच्या काठीसारख्या लांब दांड्याला टांगून नटीच्या डोक्यावर फिरवण्याची युक्ती केली, असे सांगतात.

कॅमेऱ्याची घरघर आणि दिव्यांची गुणगुण ही तर पाचवीला पुजलेली होती. कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड देणारे जुने दिवे सतत कुरकुरत, म्हणून त्यांच्या जागी मुकाट जळणारे टंगस्टनचे मोठे दिवे आले. पण हे दिवे उजेडापेक्षा उष्णताच अधिक देत. घरघरणारा कॅमेरा चालकासकट एका बंद, काच लावलेल्या खोकडात कोंडला जाई. आत हवा नाही, बाहेर दिव्यांची धग. कालच्या मूकपटात रेल्वेच्या टपावर चढणारा कॅमेरा आता जागचा हलेना. म्हणून एकाच प्रसंगासाठी तीन-चार खोकडी वेगवेगळ्या कोनांवर लावून सगळे कॅमेरे एकदम चालवत आणि आवाजाची एकच सलग फीत पायाभूत धरून तिच्यावर हवी ती चित्रे बसवत.

या पार्श्वभूमीवर लुबिच यांनी एका गाण्यासाठी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांना मालक-मालकीण आणि नोकर-दासी या दोन जोड्या आळीपाळीने, एकाच चालीवर, पण वेगळ्या ठिकाणी गाताना दाखवायच्या होत्या. आज हे काम संकलनाच्या मेजावर होईल. १९२९ मध्ये आवाजाच्या दोन फिती एकत्र करून तिसरी बनवली की खरखर वाढे आणि आधीच बोथट असलेले वरचे स्वर आणखी बोथट होत. म्हणून वाद्यवृंद चित्रणाच्या वेळी तिथेच हजर ठेवून गाणे एका दमात मुद्रित करण्याकडे कल असे. आळीपाळीने येणारे तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतले असते, तर ताल आणि सूर जोडाजवळ उघडे पडले असते. चित्रपटतंत्राच्या इतिहासात नोंदलेली तोड अशी आहे: दोन दृश्यांचे नेपथ्य एकाच मंचावर शेजारीशेजारी उभारले गेले, वाद्यवृंद एकच ठेवला गेला आणि दोन्हीकडचे कॅमेरे एकाच वेळी चालू राहिले. राजवाड्यातली ओळ संपली की पलीकडे नोकरांची सुरू. जे संकलन कात्रीने करता येत नव्हते, ते सुताराने भिंत घालून केले. तबला-पेटीवाल्यांना विंगेत बसवून सारा खेळ एका ठेक्यावर पेलणाऱ्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही तोड ओळखीची वाटेल.

तरीसुद्धा हा चित्रपट बंदिस्त वाटत नाही, कारण त्याच्या पुष्कळशा गमती जिथे आवाज नाही किंवा अर्धवट आवाज आहे अशा जागांवर बसवलेल्या आहेत. सुरुवात पाहा. पॅरिसमधल्या दिवाणखान्यात जाक मेज मांडतो आहे आणि बंद दाराआडून भांडण ऐकू येते. दार नेहमी वरचे स्वर अधिक अडवते आणि खालचे स्वर अधिक सोडते. ढोबळ नियम असा की एका सप्तकाने वर गेले की जड दाराचा अडथळा सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणून शेजारच्या खोलीतल्या भांडणाचा सूर आपल्याला समजतो, पण व्यंजने गळून पडल्यामुळे शब्द समजत नाहीत, आणि प्रेमाच्या भांडणात शब्दांना महत्त्व असतेच कुठे? मग दार उघडते तेव्हाही पात्रे फ्रेंचमध्ये बोलत असतात. अमेरिकेतल्या बहुसंख्य प्रेक्षकांना त्यातले काही कळणार नव्हते. शेव्हालिए सरळ आपल्याकडे वळून इंग्रजीत खुलासा करतात की बाई फार मत्सरी आहे. पहिले भाष्य झाले आणि तेही यंत्राच्या भाषेच्या मर्यादेवरच.

पुढचा प्रसंग तर जवळजवळ मूकपटच आहे. बाईच्या हातात भलत्याच स्त्रीचा मोज्याचा बंद सापडतो; ती आपल्या झग्याचा घोळ किंचित वर करून दाखवते की आपले दोन्ही बंद जागच्या जागी आहेत. मग ती पर्समधून इवलेसे पिस्तूल काढून स्वतःवर झाडते आणि कोसळते. तेवढ्यात नवरा घुसतो, शोक करतो आणि तेच पिस्तूल आल्फ्रेडवर झाडतो. आल्फ्रेड स्वतःला चाचपून पाहतो, भोक कुठेच नाही. काडतुसे पोकळ; बाईही डोळे उघडते. नवरा-बायको गेल्यावर आल्फ्रेड ते पिस्तूल खणात ठेवायला जातो आणि खणात तसली अनेक पिस्तुले आधीच पडलेली दिसतात. इथे एकही शब्द लागत नाही. पिस्तुलाचा बार हा त्या काळच्या ध्वनिमुद्रकाचा शत्रू होता, कारण प्रकाशझडपेच्या पट्ट्या ठरावीक मर्यादेपलीकडे हलल्या की एकमेकींवर आपटत आणि आवाज फाटून जाई. लुबिच यांच्या दृश्यात बार महत्त्वाचा नाहीच. हशा उघडलेल्या खणाला येतो, आणि खण उघडायला मायक्रोफोन लागत नाही.

राणी आणि सरदार यांच्या पहिल्या भोजनाच्या वेळी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर येते. आत दोघांचे काय चालले आहे हे आपण बाहेरून टेहळणाऱ्या मंत्र्यांच्या, राणीच्या सख्यांच्या आणि नोकरांच्या तोंडून ऐकतो. ज्यांचे प्रेम जुळत आहे ते दुरून दिसतात आणि जे बोलतात ते मायक्रोफोनला सोयीस्कर ठिकाणी घोळका करून उभे असतात. प्रणयप्रसंगातले गुळगुळीत संवाद ऐकून पहिल्या बोलपटांच्या काळात प्रेक्षक भलत्या जागी हसत. लुबिच यांनी हसण्याची जागा आधीच बाहेरच्या घोळक्यात ठेवून दिली.

ओठ आणि आवाज यांचा मेळ किती अचूक हवा, या प्रश्नाचे उत्तर पुढे दूरचित्रवाणीसाठी झालेल्या चाचण्यांतून मिळाले. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला खटकते. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात समजण्यासारखा आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत असेल, तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. उलटे कधीच घडत नाही. म्हणून उशिराच्या आवाजाला मेंदू माफ करतो, अगोदरच्या आवाजाला करत नाही. एक चौकट जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते आणि तेवढ्या वेळात आवाज हवेतून १४ मीटर जातो. मोठ्या चित्रपटगृहात मागच्या रांगेत बसलेल्याला शेव्हालिएंचे बोलणे एक-दोन चौकटी उशिरानेच पोचत असे आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

मुंबईच्या गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी आर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला, त्याच्यामागेही हेच भौतिकशास्त्र उभे होते. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने चित्रण रात्री उशिरा करावे लागे, आणि चित्र व आवाज एकाच फितीवर घेणारे तानार यंत्र वापरलेले असल्याने वर सांगितलेल्या वीस चौकटींचा जाच तिथे अधिकच होता.

पुन्हा पहिल्या खिडकीकडे जाऊ. १९२९ च्या प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर एक वेगळीच गंमत हाती लागते. दिवा गेला, सुई उडाली, तार निसटली, अशा कारणांनी मध्येच आवाज जाणे हा त्या काळी चित्रपटगृहातला नित्याचा अनुभव होता. पडद्यावर ओठ हलत आहेत आणि ऐकू काहीच येत नाही, हे दृश्य म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण. लुबिच यांनी नेमके तेच दृश्य सर्वांत उत्सुकतेच्या क्षणी ठेवले. कॅमेरा काचेबाहेर उभा आहे हे दिसल्यामुळे प्रेक्षकाला कळते की बिघाड यंत्रात नाही, आपणच बाहेर उभे आहोत. शिवाय हे दृश्य चित्रित करताना मायक्रोफोन नको, खोकडे नको, घोंगडी नको. मूकपटात मुरलेल्या दिग्दर्शकाला काही क्षण त्याची जुनी मोकळीक परत मिळते, आणि ती का मिळाली याचे कारण कथेतच सापडते.

पॅरिस सोडताना आल्फ्रेड खिडकीत उभा राहून शहरातल्या सुंदरींना उद्देशून निरोपाचे गाणे म्हणतो. त्याचे कडवे संपल्यावर जाक आपल्या खिडकीतून मोलकरणींसाठी तेच गाणे म्हणतो. तिसरे कडवे घरचा कुत्रा पॅरिसच्या कुत्र्यांसाठी भुंकून सादर करतो; या कुत्र्याचे नाव जिग्ज. तिघांमध्ये ध्वनितंत्राच्या दृष्टीने सर्वांत सोपा गायक तोच. भुंकणे आखूड असते, त्याची सुरुवात धारदार असते, त्यात ‘स’ आणि ‘श’ नसतात, आणि जबडा चौकट-दोन चौकटी आधी उघडला की नंतर, यावर कुठल्याही रांगेतल्या प्रेक्षकाने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.